खरे संशोधन आणि शाळकरी मुले

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने २०१४ साली ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’ ही स्पर्धा सुरू केली. मुलांनी प्रयोग सुचवायचा आणि निवड झाल्यास सर्नमध्ये जाऊन कणांच्या झोतावर तो स्वतः करायचा. पहिल्या वर्षी सुमारे ३०० संघ पुढे आले; निवडले गेले दोन, एक ग्रीसचा व एक नेदरलँड्सचा. डच मुलांनी कणांची ऊर्जा मोजण्याचे स्फटिकही स्वतः तयार केले होते.

उत्तर आधी शिक्षकांनाही ठाऊक नसते, हे या उपक्रमाचे बळ. आपल्या प्रयोगवहीत उत्तर आधी ठरलेले असते, निरीक्षणे मागाहून जुळवली जातात.

परंतु झोत मिळतो मोजकेच दिवस. फसलेला प्रयोग पुनःपुन्हा करून चूक शोधायला सवड नसते. संशोधनाचा मोठा भाग तर तोच! त्या दृष्टीने नेदरलँड्समधील ‘हायस्पार्क’ प्रकल्प अधिक मोलाचा वाटतो. त्यात शाळांच्या छपरांवरच वैश्विक किरणांच्या नोंदी घेणारी उपकरणे बसवली गेली.

मात्र निवड न झालेल्या संघांनीही प्रस्ताव लिहिलेच होते. काय मोजायचे, कशाने, चूक किती संभवते, हे लिहायला सर्न लागत नाही. तेवढे आपल्या वर्गातही करता येईल.