सन आणि तिथी : १६१६चा आडवा छेद

एखादे वर्ष निवडून त्यातील वाङ्मय व रंगभूमी यांचा आडवा छेद घेण्याची पद्धत युरोपीय प्रबोधनकाळाच्या अभ्यासात रुळलेली आहे. १६१६ साली बेन जॉन्सनने आपली नाटके कवितांच्या बरोबरीने 'वर्क्स' या भारदस्त नावाखाली ग्रंथबद्ध केली. शेक्सपियर व सर्व्हान्टिस यांचे निधनही त्याच वर्षीचे. छापखाना, नाटकगृह आणि दप्तर ही तिन्ही साधने उपलब्ध असल्याने तेथे वर्ष हे अभ्यासाचे एकक होऊ शकते.

मराठीलाही हे वर्ष अगदीच परके नाही. फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे १६१६ मध्येच रोमन लिपीत छापले गेले. परंतु घाट चढून जुन्नर-आंबेगावच्या मुलखात आले की सनावळीचा रकाना रिकामा राहतो. हा प्रदेश आडबाजूचा नव्हता. सातवाहन राणीचे यज्ञ आणि दाने नाणेघाटात आकड्यांनिशी कोरलेली आहेत. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्नर काही काळ मलिक अंबरच्या कारभाराखालील निजामशाहीची राजधानी होते. तरीही तेथील खेळाची १६१६ची नोंद हाती लागत नाही.

या रिकामेपणाची दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक म्हणजे महाराष्ट्रात १८४३ पूर्वी, म्हणजे सांगलीच्या 'सीतास्वयंवरा'पूर्वी, रंगभूमी नव्हतीच. दुसरे म्हणजे आज नारायणगावात दिसणारा तमाशा तेव्हाही होताच. पहिले उत्तर रंगभूमीला लिखित संहितेत कोंडते. दुसरे, तमाशाचे परिचित रूप उत्तर पेशवाईत घडले हे विसरते.

संहितेचे वाचन यापेक्षा अधिक काही सांगू शकते. १५९९ मध्ये समाधिस्थ झालेल्या एकनाथांच्या भारुडांत वाघ्या, गोंधळी, जोशी, वासुदेव बोलतात. या सोंगांचे रूपक श्रोत्याला ती सोंगे आधीच ओळखीची असतील तरच उलगडते. म्हणजे भारूड ही प्रयोगाची संहिता आहेच, शिवाय आधीच्या अलिखित प्रयोगांची साक्षही आहे. मात्र ही साक्ष मराठी श्रोतृवर्गाविषयीची आहे. ती जुन्नरचा सन पुरवीत नाही.

सन का मिळत नाही, याचा निर्देश तुकारामांच्या एका अभंगातून होतो. त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी परंपरेने जुन्नर तालुक्यातील ओतूरची मानली जाते. अनुग्रहाची नोंद करताना तुकाराम माघ शुद्ध दशमी सांगतात, गुरुवार सांगतात. शक सांगत नाहीत. अभ्यासकांनी गणिते मांडून शक ठरविले आणि त्यांच्यात मतभेद झाले. परंतु कवीच्या दृष्टीने ती नोंद अपुरी नाही. शक घटनेला भूतकाळात ठेवतो. तिथी तिला दरवर्षी परत आणते.

प्रयोगाचा काळही असाच आवर्तनाचा आहे. खंडोबाचे जागरण असो वा गावची जत्रा, तिथी ठरलेली असते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच सुपारी देण्यास येतात, तेव्हाचा व्यवहारही जत्रेच्या तिथीचाच असतो. छापील सन लाभलेले 'क्रिस्तपुराण'देखील टिकले ते रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचले गेल्यामुळे.

हा प्रश्न केवळ कालगणनेचा नाही. सनावळीत ज्यांच्याजवळ लेखणी आणि दप्तर होते त्यांनाच जागा मिळते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारखी कलावती विसाव्या शतकात पुरस्कारामुळे नोंदीत आली. तिच्या आधीच्या पिढ्यांतील असंख्य कलावंतांच्या वाट्याला तीही नोंद आली नाही. नाट्येतिहासाचा आरंभ १८४३ला करणारा अभ्यासक्रम ही वगळणूक नकळत कायम करतो.

म्हणून १६१६च्या छेदात जुन्नरचा रकाना कल्पनेने भरू नये, आणि तो गाळूही नये. तो रिकामाच छापावा, पण कारणासह : येथे काळ तिथीने मोजला जात होता, आणि इतिहासकाराने मात्र सन विचारला होता.