आघाडीवर कोण, आणि कितव्या फेरीला?

मंडळी, निकालाच्या बातम्यांबद्दल आमची तक्रार एकच. आकडा सांगतात, पण तो कुठवरचा आहे हे सांगत नाहीत.

आपलं रोहिणखेड मोताळा तालुक्यात, म्हणजे बुलढाणा विधानसभा मतदारसंघात. 23 नोव्हेंबर 2024 ला इथे संजय गायकवाड जयश्री शेळके यांच्यापेक्षा अवघ्या 841 मतांनी पुढे राहिले. एखाद्या मोठ्या मतदान केंद्रावर पडतात तेवढीच ही मतं! अशा लढतीत सकाळच्या 'अमुक आघाडीवर' या पट्टीला काय अर्थ? आठ वाजता आधी टपाली मतं मोजायला घेतात, अर्ध्या तासाने यंत्रं. एका फेरीत साधारण 14 टेबलं, म्हणजे 14 केंद्रं, तीही क्रमाने. पहिल्या फेरीत एका भागातली गावं, सहाव्या फेरीत दुसऱ्या. म्हणून पुष्कळदा ती आघाडी उमेदवाराची कमी आणि गावांच्या क्रमाची जास्त असते. '24 पैकी तिसरी फेरी' एवढं म्हटलं तरी ऐकणारा शहाणा होतो. पण मग उत्सुकता टिकत नाही ना!

मतदानाच्या टक्क्याचंही तेच. 20 नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंतचा आकडा होता 58.22 टक्के, अंतिम 66.05. सहा वाजता रांगेत उभा असलेल्याला मत देता येतं, दूरच्या केंद्रांचे आकडेही उशिरा येतात, वाढ होणारच. पण 'पाचपर्यंत' हा शब्द बातमीतून गळाला, की वाढीचा संशय होतो.

दोष फक्त वाहिन्यांचा नाही. त्याच वर्षी लोकसभेला बुलढाण्याने 26 एप्रिलला मतदान केलं. निवडणूक आयोगाने टक्केवारी दिली 30 एप्रिलला, आणि प्रत्यक्ष मतांची संख्या थेट 25 मे ला. का बरं? मतदान संपलं की केंद्रावरच नमुना 17-सी भरतात, किती मतं पडली ते त्यात लिहितात, हजर प्रतिनिधींना प्रत देतात. म्हणजे आकडा गावात त्याच रात्री असतो. जो प्रतिनिधीला मिळतो, तो मतदाराला महिनाभर थांबून का मिळावा? संशय खोटा असेलही, पण त्याला जागा ही दिरंगाईच करून देते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'आपला माणूस पुढे' म्हणत आला, तर आपण एवढंच विचारायचं: कितव्या फेरीला, आणि कोणती गावं मोजायची राहिलीत?