पहाऱ्यावरची रेघ

नौदलाच्या युद्धचित्रांचा विचार करताना दोन परंपरा वेगळ्या ठेवाव्या लागतात: लढाईनंतर किनाऱ्यावरच्या चित्रशाळेत रंगवलेली तैलचित्रे, आणि नौकेवर नेमणुकीला असलेल्या माणसाने पहारा संपल्यावर कागदावर उतरवलेली रेखाटने. पहिल्या परंपरेचे एक उदाहरण कोकण किनाऱ्यावरचे आहे. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. या प्रसंगाचे चित्र डॉमिनिक सेर याने पुढे इंग्लंडमध्ये रंगवले. त्यात विजय आहे, पण आंग्र्यांच्या गुराब या लढाऊ जहाजावरच्या खलाशाला तो दिवस कसा दिसला, हे त्यात येणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या परंपरेचा शोध केंब्रिजमध्ये घेतला, तर पीटर स्कॉट (१९०९–१९८९) हे नाव सर्वांत आधी पुढे येते. दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा हा मुलगा ट्रिनिटी कॉलेजात शिकला, आणि त्या काळात अभ्यासाइतकाच वेळ त्याने पूर्व इंग्लंडच्या पाणथळ भागांत रानहंसांच्या शिकारीत व चित्रणात घालवला. हंसांच्या जवळ जायचे, तर होडी पहाटेच्या आभाळात विरून जावी लागते, म्हणून ती फिकट रंगाची ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात ‘ब्रोक’ या विनाशिकेवर अधिकारी असताना स्कॉटने हीच जाण नौकेला लावली. रात्रीच्या ढगाळ क्षितिजावर राखाडी नौकाही काळीच दिसते, तेव्हा तिला पांढरा आणि त्यावर अगदी फिकट निळा-हिरवा रंग द्यावा, असे त्याचे म्हणणे होते, आणि ‘वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस’ या नावाने ती पद्धत पुढे अटलांटिकमधील अनेक संरक्षक नौकांवर आली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सनने पुढे आणलेली ‘डॅझल’ पद्धत याच्या उलट होती: ठळक, तिरकस पट्ट्यांनी नौकेची दिशा व वेग यांविषयी पाणबुडीला चकवायचे, नौका लपवायची नाही. दोघेही चित्रकार आणि दोघेही राखीव नौदलातील अधिकारी. छटांचे ज्ञान इथे थेट जीव वाचवण्याच्या कामी आले.

स्कॉटच्या रेखाटनांचे मोल याच ज्ञानात आहे. १९४५ च्या ‘द बॅटल ऑफ द नॅरो सीज’ या त्याच्या पुस्तकात, इंग्लिश खाडी व उत्तर समुद्रात लढलेल्या लहान, वेगवान नौकांच्या इतिहासाला त्याचीच चित्रे आहेत. स्वतः अशा नौकांचे नेतृत्व केलेल्या या माणसाला आकृती कुठे स्पष्ट राहते आणि कुठे अंधारात जाते, हे नेमके कळते. शांततेच्या काळातील त्याच्या पक्षीचित्रांत आभाळ कधीकधी फार गोड होते. युद्धाने त्याला ती चैन करू दिली नाही, आणि चित्रांचे त्यात भलेच झाले.

सरकारी युद्धचित्रकारांची स्थिती वेगळी होती. केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली १९३९ मध्ये नेमलेल्या समितीने एरिक रॅव्हिलियसला नौदलाकडे पाठवले; १९४० च्या नॉर्वे मोहिमेतील त्याच्या जलरंगांची रचना अप्रतिम आहे, पण ती पाहुण्याची नजर आहे. जॉन वर्स्लीचे तसे नाही: १९४० मध्ये बुडालेल्या ‘लॉरेंटिक’वर तो स्वतः खलाशी दलात होता, आणि पुढे युद्धकैदी झाल्यावरही तो चित्रे काढत राहिला.

केंब्रिजचा आणखी एक दुवा किनाऱ्यावरचा आहे. कॅप्टन स्कॉट यांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये स्थापन झालेल्या ध्रुवीय संशोधन संस्थेत युद्धकाळात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाची भौगोलिक माहितीपुस्तके तयार होत होती, आणि काष्ठकोरीव चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्वेन राव्हेरा यांनी त्या विभागासाठी रेखाटनकाराचे काम केले. हे काम कलेच्या इतिहासात क्वचितच मोजले जाते. त्याच शहरातील केटल्स यार्ड या कलादालनात चित्रकार अल्फ्रेड वॉलिसने रंगवलेल्या जहाजांना आधुनिक कलेतील मानाचे स्थान आहे, ते योग्यच. पण सेवेतील चित्रकारांची रेखाटने बहुधा नौकेचा पुरावा म्हणूनच पाहिली जातात, आणि रेघ, कागद व छटा यांवर बोलणारी समीक्षा त्यांच्या वाट्याला फार थोडी आली आहे.