महोत्सवातील मूलकण

इंग्लंडमधील वोमॅड या संगीतमहोत्सवात २०१६ साली भौतिकीचा मंडप उभारला गेला. अशा मंडपांत प्रेक्षकांनाच हिग्ज-क्षेत्र बनविण्याचा खेळ हमखास रंगतो. मूळ रूपक लंडनच्या डेव्हिड मिलर यांचे, १९९३ सालचे: पक्षकार्यकर्त्यांच्या मेजवानीत एक माजी पंतप्रधान शिरतात, भोवती माणसे जमतात, चाल जड होते. कागदावर हे रूपक निभावते; अंगाने खेळविले की त्यातील दोष बळावतो. गर्दी चालणाऱ्यास अडविते. हिग्ज-क्षेत्र एकसमान वेगाने जाणाऱ्या कणास मुळीच अडवीत नाही. त्याच्यामुळे कणास जडत्व येते, म्हणजे वेगबदलास विरोध. शिवाय प्रोटॉनाचे बहुतांश वस्तुमान हिग्जमुळे नव्हेच. ते क्वार्क व ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते. ज्या धक्काबुक्कीने प्रेक्षक हसतो, तीच त्याच्या मनात चुकीची भौतिकी रुजविते.

याउलट कोरडा बर्फ व अल्कोहोल घेऊन प्रेक्षकाने स्वतः सिद्ध केलेली मेघकोठी पाहावी. काळोखात म्यूऑनाची बारीक पांढरी रेघ उमटते व क्षणात विरते. तेथे कोणी कोणाचे सोंग घेत नाही. म्हणून नाट्य त्याज्य ठरते असे नव्हे. मात्र खेळ ऐन रंगात असता तो थांबवून, गर्दी आणि क्षेत्र यांतील भेद प्रेक्षकांकरवीच वदवून घेणारा सूत्रधार हवा.