करार आणि संच : अभिनेत्रीच्या नावाने होणाऱ्या चित्रपटसंग्रहाचा एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

ग्रंथालयात एखाद्या लेखिकेचे समग्र वाङ्मय एका फळीवर मांडलेले असावे, ही अपेक्षा आपण स्वाभाविक मानतो. ते साहित्य कोणत्या प्रकाशनाने काढले हे दुय्यम असते. लेखिकेचे नाव हाच त्या मांडणीचा आधार असतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. चित्रपट निर्मितीसंस्थेच्या किंवा दिग्दर्शकाच्या नावे नोंदला जातो आणि अभिनेत्री त्या नोंदीतील एक उपनोंद ठरते. व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि पुढे डीव्हीडी या माध्यमांमुळे चित्रपट घरात व महाविद्यालयात संग्रहित करणे शक्य झाले. त्याबरोबर एका अभिनेत्रीचे चित्रपट एकत्र करून विकण्याची पद्धतही रूढ झाली. अशा संचाकडे सामान्यतः हौशी संग्राहकाची वस्तू म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार समीक्षेचे साधन म्हणून केला आहे. संच कोणाच्या नावाने निघतो आणि त्यात कोणते चित्रपट येतात, हे अभिनेत्रीच्या कर्तृत्वापेक्षा तिच्या कराराने व कंपनीच्या मालकीहक्काने ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी हॉलिवूडमधील बेट्टी डेव्हिस, प्रभातमधील शांता आपटे आणि समांतर चित्रपटातील स्मिता पाटील ही तीन उदाहरणे घेतली आहेत.

हॉलिवूडमधील नमुना

वॉर्नर ब्रदर्सने २००५ मध्ये बेट्टी डेव्हिस यांच्या नावाने पाच चित्रपटांचा डीव्हीडी संच प्रसिद्ध केला. त्यात ‘डार्क व्हिक्टरी’, ‘द लेटर’, ‘नाऊ, व्हॉयेजर’ यांसारखे चित्रपट होते. २००६ मध्ये दुसरा व २००८ मध्ये तिसरा खंड निघाला. एखाद्या लेखिकेचे खंड निघावेत तसाच हा उपक्रम होता व त्याचे मोल मान्यच करावे लागते. एकाच स्त्रीने दहा-पंधरा वर्षांत किती भिन्न स्वभावाच्या स्त्रिया उभ्या केल्या, हे सलग पाहिल्याशिवाय कळत नाही.

तथापि या संचामागे एक इतिहास आहे. कंपनी देत असलेल्या भूमिका व कराराच्या अटी न पटल्यामुळे डेव्हिस १९३६ मध्ये इंग्लंडला गेल्या व दुसऱ्या निर्मात्याकडे काम करणार होत्या. वॉर्नर ब्रदर्सने लंडनच्या न्यायालयात दावा केला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि डेव्हिस यांना परत यावे लागले. ज्या चित्रपटांसाठी हा संच विकत घेतला जातो त्यांतील बहुतेक त्यानंतरचे आहेत. म्हणजे ज्या कंपनीशी अभिनेत्री भांडली, त्याच कंपनीने पुढे तिच्या नावाचा गौरवग्रंथ काढला. त्यात ‘ऑल अबाउट इव्ह’ (१९५०) असणे शक्य नव्हते, कारण तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा चित्रपट. फॉक्सने २००८ मध्ये, डेव्हिस यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, आपल्या मालकीच्या चित्रपटांचा वेगळा संच काढला. तात्पर्य, मुखपृष्ठावर नाव अभिनेत्रीचे असले तरी संचाची सीमा मालकीहक्काची आहे. संपूर्ण बेट्टी डेव्हिस कोणत्याही एका पेटीत मिळत नाहीत.

शांता आपटे : कंपनीच्या पेटीतील अभिनेत्री

मराठीत याला समांतर ठरणारे नाव शांता आपटे (१९१६–१९६४) यांचे आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) मधून त्या पडद्यावर आल्या. नंतर प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) या चित्रपटांत त्यांनी कामे केली. १९३९ मध्ये कंपनीशी मतभेद झाल्यावर त्यांनी प्रभातच्या पुण्यातील फाटकासमोर उपोषण केले. दुसऱ्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटसृष्टीतील नोकरीचे स्वरूप एका अभिनेत्रीने स्वतः लिहून मांडावे, ही त्या काळी असाधारण घटना होती. डेव्हिस न्यायालयात हरल्यावर तीन वर्षांनी पुण्यात हे घडले. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परंतु दोन्हीकडे मासिक पगारावर कलावंत बांधून ठेवणारी स्टुडिओपद्धती होती, त्यामुळे प्रश्नही एकाच जातीचे उद्भवले.

पुढे काय झाले, यात मात्र दोघींमध्ये मोठा फरक पडतो. प्रभातचे चित्रपट व्हीसीडी-डीव्हीडीच्या रूपाने घरोघरी पोहोचले तेव्हा त्यांची ओळख ‘प्रभातचे चित्रपट’ अशीच राहिली. ही ओळख अयोग्य नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या व १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या या संस्थेने मराठी चित्रपटाला दर्जा दिला, याविषयी दुमत नाही. पण तुतारी वाजवणारी स्त्री हे ज्या कंपनीचे बोधचिन्ह, तिच्या चित्रपटांच्या मांडणीत पडद्यावरील स्त्रीचे नाव मागे पडावे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. व्ही. शांताराम, दामले-फत्तेलाल यांच्या नावांभोवती चित्रपट गोळा होतात. शांता आपटे यांचे काम त्या दोन नावांखाली विभागले जाते, कारण ‘कुंकू’ शांताराम यांचा आणि ‘गोपालकृष्ण’ दामले-फत्तेलाल यांचा मानला जातो.

या विभागणीचा परिणाम केवळ सूचीपुरता नाही. तो आस्वादावरही होतो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’मध्ये वृद्धाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या विवाहाला नकार देते. समीक्षकांनी घड्याळ, आरसा या प्रतीकांची आणि वेगळे पार्श्वसंगीत न वापरता प्रसंगातील ध्वनींवरच विसंबण्याच्या प्रयोगाची वाखाणणी केली. ती सर्व वाखाणणी स्वाभाविकपणे दिग्दर्शकाकडे जाते. पण पार्श्वसंगीत नसल्यामुळे प्रसंगाचा ताण पेलण्याची जबाबदारी नटांच्या आवाजावर व चेहऱ्यावर येते, हा मुद्दा सहसा मांडला जात नाही. केशवराव दाते यांच्या संयत अभिनयासमोर शांता आपटे यांची नीरा चपळ, तडफदार आणि हातवाऱ्यांनी बोलणारी आहे. ‘गोपालकृष्ण’मधील त्यांची राधा याच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ही चपळता दिग्दर्शकाने दिलेली नसून अभिनेत्रीची स्वतःची आहे, हे लक्षात येते. दिग्दर्शक बदलला, विषय सामाजिकाकडून पौराणिकाकडे गेला, तरी गाताना शरीर मोकळे ठेवण्याची त्यांची रीत बदललेली नाही. असा निष्कर्ष काढण्यासाठी दोन्ही तबकड्या एकाच नावाखाली हाती असाव्या लागतात.

दुसरा प्रश्न द्विभाषिक चित्रपटांचा आहे. ‘कुंकू’ आणि त्याचे हिंदी रूप ‘दुनिया न माने’ ही एकाच वेळी चित्रित झाली. कंपनीच्या सूचीत ती एका चित्रपटाची दोन रूपे ठरतात व संग्राहक एक घेऊन दुसरे सोडतो. अभिनेत्रीच्या दृष्टीने मात्र त्या दोन स्वतंत्र भूमिका आहेत. तोच प्रसंग दुसऱ्या भाषेच्या लयीत पुन्हा उभा करावयाचा असतो. अनुवादाच्या अभ्यासकांना याहून चांगले साधन मिळणे कठीण. अभिनेत्रीच्या नावाने केलेल्या संचात दोन्ही रूपे अपरिहार्य ठरतील.

प्रभात सोडल्यानंतरचे शांता आपटे यांचे काम तर कोणत्याच पेटीत बसत नाही. तमिळ ‘सावित्री’ (१९४१), लाहोरच्या पांचोळी यांचा ‘जमीनदार’ (१९४२), हिंदी ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हे चित्रपट भाषा, शहर आणि निर्माता या तिन्ही बाबतींत विखुरलेले आहेत. करारातून सुटलेल्या अभिनेत्रीला स्वातंत्र्य मिळाले, पण तिच्या कामाला सांभाळणारा कोणी उरला नाही.

स्मिता पाटील : पेटीबाहेरची अभिनेत्री

हीच स्थिती पुढच्या काळात अधिक ठळकपणे दिसते. स्मिता पाटील (१९५५–१९८६) यांचे घराणे शिरपूरचे. बागलाणच्या वाचकाला हे नाव शेजारचे आहे. त्यांच्या काळात पगारी स्टुडिओपद्धती संपली होती. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक महत्त्वाच्या चित्रपटाचा मालक निराळा आहे. ‘मंथन’ (१९७६) गुजरातमधील पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. ‘जैत रे जैत’ (१९७७) ची निर्मिती उषा मंगेशकर यांची. ‘मिर्च मसाला’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. ‘भूमिका’ (१९७७) व ‘उंबरठा’ (१९८२) यांचे निर्माते आणखी वेगळे. एका कंपनीने काढावा असा संच येथे संभवतच नाही.

‘भूमिका’ हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे, ही बाब या संदर्भात बोलकी आहे. स्टुडिओकाळातील एका अभिनेत्रीचे आयुष्य पुढच्या पिढीतील अभिनेत्रीने साकारले. प्रभातच्या फळीवरील ‘संत सखू’ (१९४१) मधील हंसा वाडकर आणि ‘भूमिका’तील स्मिता पाटील यांना जोडणारा धागा कंपनीनिहाय किंवा दिग्दर्शकनिहाय मांडणीत दिसणार नाही. तो अभिनेत्रीनिहाय मांडणीतच दिसतो.

विखुरलेल्या मालकीचा धोका जतनाच्या वेळी जाणवतो. ज्या चित्रपटाला वाली असतो तोच वाचतो. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’चे पुनरुज्जीवन केले व ते रूप २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो मान एका चित्रपटाचा आहे. अभिनेत्रीच्या समग्र कामाची व्यवस्था त्यातून होत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथालयाची भूमिका

हे काम शासकीय संग्रहालयाचे आहे, असे म्हणून विषय संपवता येणार नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले व २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये त्याच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली. एकाच ठिकाणी सर्व ठेवण्यातील धोका त्या घटनेने दाखवून दिला. दुसरीकडे इंटरनेटवरून दाखवले जाणारे चित्रपट करार संपताच नाहीसे होतात. घरातील तबकडी कोणी परत मागत नाही. मात्र तीही काळानुसार खराब होते आणि ती चालवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत.

कायद्याची बाजू पाहता, भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९३७ च्या चित्रपटावरील हक्क १९९७ अखेरीनंतर उरत नाही. मूळ कादंबरी व गीते यांचे हक्क लेखकाच्या मृत्यूपासून स्वतंत्रपणे मोजावे लागतात, हे भान ठेवले पाहिजे. तरीही शांता आपटे यांच्या संचाच्या आड येणारी अडचण आता मालकीपेक्षा अनास्थेची अधिक आहे.

नामपूरसारख्या मोसम खोऱ्यातील गावी चित्रपटमहोत्सव येत नाहीत व संग्रहालयाचे पडदेही नाहीत. तेथील महाविद्यालयास रीतसर विकत घेतलेल्या तबकड्या हे सुलभ साधन आहे. त्यांची नोंद करताना दिग्दर्शक व कंपनी यांबरोबर अभिनेत्रीच्या नावे स्वतंत्र नोंद ठेवावी. द्विभाषिक रूपे दोन स्वतंत्र साधने मानावीत. आणि अभिनेत्रीने लिहिलेले पुस्तक त्याच फळीवर ठेवावे. यास मोठा निधी लागत नाही. मराठी, हिंदी, समाजशास्त्र व स्त्री-अभ्यास या विषयांच्या अध्यापकांना ही फळी सारखीच उपयोगी पडेल.

समारोप

बेट्टी डेव्हिस यांना कंपनीने संच दिला, पण कंपनीच्या सीमेपुरता. शांता आपटे यांना प्रभातच्या पेटीत जागा मिळाली, पण स्वतःचे नाव मिळाले नाही. स्मिता पाटील यांच्यावर कोणा कंपनीची मालकी नव्हती, म्हणून त्यांचा संच काढण्याची जबाबदारीही कोणावर नाही. तिन्ही ठिकाणी कलावंताचे काम जपले जाते ते मालकीच्या हिशेबाने. बाजार ही मांडणी बदलील असे दिसत नाही, कारण त्याला विकावयाचे असते ते मालकीतलेच. शिकवण्यासाठी संग्रह करणाऱ्यांवर मात्र असे कोणतेही बंधन नाही. फाटकाबाहेर उपोषणाला बसलेल्या अभिनेत्रीला पुन्हा फाटकाच्या आत नेऊन नोंदवायचे, की तिच्या स्वतःच्या नावाची फळी करायची, हा निर्णय ग्रंथालयाच्या नोंदवहीत होणार आहे.