भोकाचा पैसा : तांबं नेमकं कुठे वाचलं?

आपल्या बेळगाव भागातल्या जुन्या घरांत 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा अजूनही सापडतो. ‘युद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून मधून भोक पाडलं’, एवढं सांगून आपण थांबतो. मी पेशाने इंजिनिअर. मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

हिशेब मांडून बघा. पैसा म्हणजे पाव आणा. 1835 पासूनचा तांब्याचा पाव आणा 100 ग्रेनचा होता. 1906 मध्ये ब्राँझ आलं आणि वजन 75 ग्रेनवर, म्हणजे 4.86 ग्रॅमवर उतरलं. भोकाचा पैसा जेमतेम 30 ग्रेनचा, दोन ग्रॅमच्या आतच. रुपयाचे पैसे 64. म्हणजे रुपयामागे 311 ग्रॅमऐवजी सुमारे 125 ग्रॅम धातू. बचत 60 टक्के.

आता व्यास घ्या. तो 25.4 मिलिमीटरवरून साधारण 21.3 वर आला. तेवढ्यानेच क्षेत्रफळ 30 टक्के घटतं. म्हणजे निम्मी बचत नुसत्या व्यासाची! उरलेल्या निम्म्यात भोक आणि जाडी दोघांचा वाटा.

मग भोकाचं खरं काम काय? माझ्या मते, हलकं नाणं हाताला मोठं लागावं, हे. तेवढ्याच धातूचं भरीव नाणं एकतर बारीक झालं असतं, नाहीतर पत्र्यासारखं पातळ. भोक बोटाला अंधारातही कळतं.

या भोकाने राजाचा चेहराही घालवला. वर मुकुट, खाली साल, मागे पानांची कडी. कडीच्या आकाराला शोभेल तेवढंच ठेवलेलं हे काम मला सहाव्या जॉर्जच्या आधीच्या पाव आण्यापेक्षा सरस वाटतं. दोष एकच : ते थेट वायसरसारखं दिसतं, आणि लोकांनी ते तसं वापरलंही.

1950 चा पैसा याच्याशेजारी ठेवा. व्यास जवळपास तोच, पण भोक बुजलेलं; वजन दीडपट, 2.95 ग्रॅम. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला घोडा. नव्या प्रजासत्ताकाला आपली मुद्रा मधोमध हवी होती, आणि भोक ठेवून ती बसली नसती.

म्हणून विनंती : घरच्या नाण्यांची नोंद करताना ऐकीव गोष्ट जरूर लिहा, पण शेजारी वजन आणि व्यासही लिहा. सोनाराचा काटा आणि व्हर्निअर एवढंच त्याला लागतं.