तीन राजे आणि एक घराणे

कोल्हापूरच्या प्राचीन इतिहासाची गोष्ट निघाली की ‘कुर घराण्या’चा उल्लेख हटकून होतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या शिशाच्या नाण्यांनी हे घराणे आपल्या पदरात टाकले. नाण्याच्या एका बाजूस कमानींचा डोंगर व झाड, दुसरीकडे बाण लावलेले धनुष्य आणि भोवती प्राकृतातील एक ओळ. नावे तीनच : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’ या १८८४ च्या ग्रंथात या ओळीचे दोन तुकडे केले. मातृनाम ते सातवाहन सम्राटाचे. पुढचे नाव कोल्हापुरातल्या त्याच्या मांडलिकाचे. एवढ्या थोर पंडिताला विरोध करताना माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराची लेखणी अडखळते. पण ओळ नीट वाचावी : ‘रञो वासिठीपुतस विळिवायकुरस’. तिन्ही पदांची षष्ठी एकच. ‘राजा वासिठीपुत विळिवायकुर याचे’, असा सरळ अर्थ असताना एका माणसाची दोन माणसे का करावीत?

शिवाय ही नाणी एकमेकांवर ठोकलेली आहेत. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला छाप मारला. दुसऱ्या विळिवायकुराने त्या दोघांच्याही. म्हणून क्रम पक्का झाला. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी हिप्पोकूरा येथील ‘बालेओकूरोस’ राजाचे नाव घेतो, तेही विळिवायकुराशी जुळते. त्या गावाची जागा मात्र निश्चित नाही. १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नांदते गाव उजेडात आणले.

तेव्हा राजे खरे. घराण्याचे काय? वर्गातली पोरे लगेच विचारतात, “गुरुजी, हा त्याचा मुलगा का?” नाणे आई सांगते, बाप सांगत नाही. ‘कुर’ हे कुळाचे नाव की पदवी, याचाही निकाल लागलेला नाही.

चीनमध्ये नेमके उलटे झाले आहे. तिथल्या शिया घराण्याच्या सतरा राजांची ओळीने वंशावळ सिमा चिएन याने इसवी सनापूर्वी सुमारे १०० च्या सुमारास लिहून ठेवली. पुढच्या शांग घराण्याची नावे आन्यांगच्या कोरीव हाडांवर मिळाली, तेथे १९२८ पासून उत्खनने झाली, आणि शांग खरे ठरले. शियासाठी एर्लिटोऊ येथे १९५९ पासून खणताहेत. वाडे निघाले, काशाची भांडी निघाली, पण त्यातल्या एकाही राजाचे नाव कोरलेले मिळाले नाही. त्यांच्याजवळ बापलेकांची माळ आहे, आमच्याजवळ सुटे मणी.

मणी ओवायचा मोह कादंबरीकाराला होतोच. सिवलकुर बंडखोर, नाण्यांवरचा छाप हा त्याचा सूड — दोन प्रकरणे सहज होतील! पण सूड घेणारा धनुष्यबाण तसाच ठेवील का? जुने शिसे पुन्हा वापरण्याची काटकसरही असेल. आणि विळिवायकुर, सिवलकुर, पुन्हा विळिवायकुर, ही नावांची चाल आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांना फार ओळखीची वाटते. मला घराणे संभवनीय वाटते ते याच खुणांमुळे. पाठ्यपुस्तकात मात्र वंशवृक्ष छापू नये. तीन नावे एकाखाली एक लिहावीत, मधल्या रेघा सोडून.